उंटाचा भरलेला डबा

आरसा अजून कुणी बनवला नव्हता, पण स्वतःच्या केसांचं कौतुक मात्र सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कोकणातल्या एका खाडीकाठी झिपरू नावाचं अस्वल राहायचं. दमट हवेने त्याचे केस फुगायचे. शेजारची पाणमांजर मावशी सांगायची, "अरे, रिठ्याच्या पाण्याने धू आणि वाऱ्यावर बस."

"रिठा? तो तर आपल्याच झाडाखाली पडलेला असतो!" झिपरू नाक मुरडायचा.

महिनाभरापूर्वी वाळवंटातून एक उंट तिथे राहायला आला होता. त्याची लव कशी मऊ, चकचकीत! त्याच्याजवळ लेपाचा काठोकाठ भरलेला डबा होता. "आमच्याकडच्या कोरड्या हवेत हा लावतात," उंट म्हणाला. पुढचं झिपरूने ऐकलंच नाही. पावसाळ्यासाठी राखलेलं मधाचं पोळं देऊन त्याने डबा घेतला आणि सगळा लेप अंगाला चोपडला.

तो तुपकट लेप काही वाळेना. पाला चिकटला, माती चिकटली, मग मुंग्या आल्या. जन्मभर मुंग्या खाल्लेल्या अस्वलाला आता मुंग्या खाऊ लागल्या. तरी दोन दिवस तो ऐटीत सांगत फिरला, "लांबची वस्तू आहे, गुण यायला वेळ लागतो."

तिसऱ्या दिवशी तो खाजवत उंटाकडे धावला. "लबाडा, तुझा लेप खोटा आहे!"

"लेप खरा आहे," पोळं चाटत उंट म्हणाला. "पण इथे आल्यापासून मी तो एकदाही लावलेला नाही. नाहीतर डबा भरलेला कसा राहिला असता? मी मावशीच्या रिठ्यानेच न्हातो."