किती घेतली?

एका गावात एक भोळा विद्यार्थी होता. गाव म्हणजे डोंगराच्या पोटातलं सावरखुटे, आणि विद्यार्थी म्हणजे चांगला तेवीस वर्षांचा, शेतीच्या एम.एस्सी.ला, पहिल्या वर्षाला. नाव गहिनीनाथ. सगळे गैनू म्हणत. पेपरात त्याला नव्वद मार्क पडत, कारण सर सांगतील ते तो जसंच्या तसं लिही. अडचण एवढीच, की लोक सांगतील तेही तो जसंच्या तसं करी.

गैनू शहरात होस्टेलवर राहायला आला. तिथली पोरं-पोरी शनिवारी संध्याकाळी बायपासवरच्या गार्डन हॉटेलात जात. कुणी बिअर घेई, कुणी नुसते शेंगदाणे खाई. गैनू कोकम सरबत पिई. टोळीची म्होरकी होती रेवती, त्याच्याहून एक वर्ष पुढची. आदल्या वर्षी त्यांच्यातलाच एक जण पिऊन गाडीवर बसला आणि दुभाजकाला धडकला. अजून पायात सळई घेऊन घरी बसलाय. तेव्हापासून रेवती कडक झाली होती.

पहिल्याच शनिवारी तिनं गैनूला बजावलं, "आपला ग्लास हातातून सोडायचा नाही. लक्ष नसताना कोण त्यात काय टाकेल, सांगता येत नाही. खूणगाठ बांधून ठेव."

"बरं, ताई," म्हणाला गैनू, आणि रुमालाला गाठ मारली.

ग्लास त्यानं सोडला नाही. एका हातानं जेवला. ग्लास घेऊनच रिक्षात बसला. ग्लास घेऊनच झोपला. सोमवारी प्रॅक्टिकलला उभा राहिला, तेव्हाही ग्लास हातात.

सर म्हणाले, "हे काय?"

"सरबताचा ग्लास, सर."

"आणि सरबत?"

"ते शनिवारीच संपलं, सर."

रेवतीनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, निघताना ठेवायचा ना! जे जिथून उचललं, ते तिथेच नेऊन ठेवायचं."

"बरं, ताई." दुसरी गाठ.

पुढच्या शनिवारी गैनूच्या खोलीतल्या पद्यानं उपाशीपोटी तीन बिअर घेतल्या आणि टेबलावर मान टाकली. पद्या अंगानं आडदांड. रेवतीला पोरींना घेऊन पुढे जायचं होतं. ती म्हणाली, "गैनू, ह्याला उचल आणि नीघ."

गैनूनं त्याला पाठुंगळी घेतलं. दीड किलोमीटर चालला. घामाघूम झाला. होस्टेलचं फाटक दिसलं आणि त्याला रुमालाची गाठ आठवली. उचलला कुठून? हॉटेलातल्या खुर्चीवरून. गैनू मागे फिरला. पुन्हा दीड किलोमीटर.

तोवर त्या टेबलावर एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस चालला होता. आजोबा हात धुवायला उठले होते. गैनूनं नेमक्या त्याच खुर्चीत पद्याला नीट बसवलं, नमस्कार केला आणि निघून गेला. आजोबा परत आले तेव्हा फोटोवाला म्हणत होता, "आजोबा, जरा आजींकडे सरका," आणि पद्या सरकत होता.

रेवती भडकली. "मूर्खा, प्यालेल्या माणसाला कधी एकटं सोडायचं नसतं! त्याला कुशीवर निजवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. आणि शेजारी बसून राहायचं."

गैनूला फार वाईट वाटलं. पद्याला काही झालं असतं तर? त्यानं विचारलं, "पण ताई, माणूस प्यालाय हे ओळखायचं कसं?"

"डोळे लाल होतात. पाय लटपटतात. तेच तेच बोलत राहतो."

त्यानं तीन गाठी मारल्या, कारण खुणा तीन होत्या.

त्याच आठवड्यात कॉलेजात व्यसनमुक्तीवर व्याख्यान होतं. पाहुणे लांबून आले होते, सत्तरीचे. त्यांचे डोळे आले होते, लालभडक. गुडघे धरले होते, म्हणून माईकपाशी उभे राहिले की पाय थरथरत. ते म्हणाले, "माझ्या तरुण मित्रांनो." टाळ्या पडल्या. मग म्हणाले, "तर माझ्या तरुण मित्रांनो." थोडं बोलले, आणि पुन्हा, "म्हणूनच सांगतो, माझ्या तरुण मित्रांनो."

गैनू उठला. एवढी चारशे माणसं बसलेली, आणि एकालाही दया येईना! तो मंचावर चढला. पाहुण्यांना अलगद उचललं, सतरंजीवर डाव्या कुशीवर निजवलं आणि शेजारी मांडी घालून पाठ थोपटू लागला.

"घाबरू नका," तो माईकमध्ये म्हणाला. "मी आहे. येऊ दे काय यायचं ते."

प्राचार्यांनी त्याला आठ दिवस लायब्ररीतली पुस्तकं झटकायला लावली. रेवतीनं तिथे गाठलं. "अरे, कुणालाही धरून आडवं करतोस? आधी विचारायचं! 'किती घेतली?' असं सरळ विचारायचं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं तरच हात लावायचा."

"बरं, ताई."

रविवारी रेवतीचे आप्पा तिला भेटायला होस्टेलवर आले. बाजार करून आले होते. टेम्पो झाडाखाली लावून ते पोरीची वाट बघत होते. गैनूनं नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "आप्पा, किती घेतली?"

आप्पांना वाटलं, पोरगा खताच्या पोत्यांचं विचारतोय. शेतीचंच शिकतोय, बरा दिसतो. ते खुशीत म्हणाले, "पाच घेतली की!"

"पाच!"

"अजून दोन घेणार होतो. पण पोरीच्या आईनं तंबी दिलीय, पाचाच्या वर नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणजे? घरातही दोन पडून आहेत."

"आणि आता घाट उतरून गाडी तुम्हीच नेणार?"

"मग कोण? दर महिन्याला असंच असतं."

आणखी काय कबुली हवी होती? रेवती खाली आली तेव्हा आप्पा टेम्पोत पोत्यांवर डाव्या कुशीवर होते, आणि गैनू त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

"सोड त्यांना!" रेवती ओरडली. आप्पांना उठवून तिनं त्यांचे कपडे झटकले. मग गैनूकडे वळली. "गाडीवाल्याला थांबवायचं तर नुसती चावी काढून घ्यायची. माणसाला हातसुद्धा लावायचा नाही. कळलं?"

"कळलं, ताई."

आप्पा मात्र हसत होते. म्हणाले, "असू दे गं. पाठ बरी दाबतो."

वर्ष संपलं. रेवतीच्या वर्गाचा निरोप समारंभ त्याच गार्डन हॉटेलात ठरला. रेवतीनं गैनूला बाजूला घेतलं. "तुला एकच काम. दारात उभा राहा. गाडी घेऊन जो येईल त्याची चावी घे. कुणीही असो. कुणी रडलं, कुणी दरडावलं, तरी सकाळपर्यंत द्यायची नाही. आणि आपल्यातल्या कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव."

गैनूनं बिस्किटांचा रिकामा डबा मिळवला आणि दारात उभा राहिला. आज चुकायचं नव्हतं. अकरा चाव्या डब्यात पडल्या. साडेनऊला पद्या झुलत आला. "गैन्या, चावी दे. तुझ्या पाया पडतो."

"पड," गैनू म्हणाला.

पद्या पडला. गैनूनं त्याला कुशीवर वळवलं, पण चावी दिली नाही. रेवतीनं लांबून ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. वर्षभराच्या कष्टाचं चीज झालं होतं.

दहाला तिनं बोलावलेल्या चार रिक्षा आल्या. रिक्षावाले चाव्या रिक्षांनाच ठेवून चहा प्यायला गेले. मागोमाग पोलिसांची गाडी आली. गाणी मोठ्यानं वाजतात अशी तक्रार होती. फौजदार आत गेले आणि चावी गाडीलाच राहिली.

पावणेअकराला सगळे निघाले. रिक्षावाले खिसे चाचपू लागले. रेवती गैनूकडे वळली.

"गैनू, ह्यांच्या चाव्या?"

"घेतल्या, ताई."

"अरे, हे कुठे प्यालेत!"

"तू म्हणालीस, कुणीही असो."

तेवढ्यात फौजदार बाहेर आले. "माझ्या गाडीची चावी कुणी काढली?"

"मी, साहेब," गैनू म्हणाला. "ती पण डब्यात आहे."

"डबा कुठाय?"

"आमच्यातल्या कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी, साहेब. तुमच्या गाडीच्या डिकीत. आपटून बंद केली आणि दोनदा ओढून पाहिली. तुम्ही अजिबात काळजी करू नका. आता तुम्हालासुद्धा नाही उघडायची."