उतारावरचा ट्रेलर

“दुरुस्त करू, की नवा घेऊ?”

रघुवीर कुबलने पुन्हा तेच विचारलं. दर्ग्याच्या पायरीवर बसलेले हमजाबाबा खाडीकडे पाहत राहिले.

प्रश्न होता होडीच्या ट्रेलरचा. बुडणाऱ्यांना वाचवायला गावाने पथक नेमून एक लहान होडी ठेवली होती. लोखंडी सांगाड्याच्या दुचाकी ट्रेलरवर चढवून ती धक्क्याच्या उतारावरून पाण्यात नेत. सांगाडा रघुवीरने तरुणपणी स्वतः जोडला होता. आता खाऱ्या पाण्याने त्याचा, दोन्ही चाकं जोडणारा आस गंजला होता. परवा होडी उतरवताना चाक एकदम कललं, आणि पथकातल्या वासुदेव तांडेलचा पाय त्याखाली जाता जाता वाचला.

तेव्हापासून पथकातली माणसं नवा ट्रेलर मागत होती. रघुवीरला ते लागलं होतं. आसाला जोड दिला की काम भागेल, असं तो सगळ्यांना ठासून सांगत होता. बाबांचा शब्द मिळाला की कोणी पुढे बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं तो त्यांच्या पायाशी बसत आला होता.

बाबा उठले आणि धक्क्याकडे चालू लागले.

वारा वाढला होता. कधीही बोलावणं येईल म्हणून होडी ट्रेलरवर चढवूनच ठेवली होती. वासुदेव तिथेच इंजिन पुसत होता. बाबांना पाहून तो बाजूला झाला.

“होडी उतरवताना तू कुठे असतोस?” बाबांनी विचारलं.

“वर. खुंटापाशी. ट्रेलरचा दोर माझ्या हातात असतो.”

“आणि हा?”

रघुवीरने वासुदेवकडे पाहिलं नाही. “खाली... चाकापाशी.”

बाबांनी त्याला दोर धरायला सांगितलं. रघुवीरने खुंटाला वेढा घालून दोर ताणून धरला. मग बाबा वाकले आणि त्यांनी चाकाखालचा दगड काढून घेतला.

सांगाडा करकरला. दोराला ताण बसला.

बाबा उताराच्या बाजूला, चाकाला पाठ टेकून खाली बसले.

“सोड हळूहळू.”

“बाबा, तिथून उठा.”

“जोड दिला की काम भागेल म्हणतोस ना? तो दिलाय असं समज. सोड.”

...

रघुवीरने वीतभर दोर सोडला. चाक हललं. गंजाचे पोपडे म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडले. वासुदेव पुढे धावला, पण बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

रघुवीरचे तळवे घामाने ओले झाले होते. दोर हातातून निसटेल असं त्याला वाटलं. त्याने घाईघाईने खुंटाला आणखी वेढे घातले, गाठ मारली आणि धावत जाऊन दगड पुन्हा चाकाखाली सारला. मग तो बाबांसमोर गुडघ्यांवर बसला.

“नवा घेतो,” तो म्हणाला. “उद्याच घेतो, बाबा.”

बाबांनी खांद्यावरचा गंज झटकला.

“दुरुस्त कर, नाहीतर नवा घे. होडी उतरवताना दोर वासुदेवच्या हातात दे, आणि तू चाकापाशी राहा.”