आवडू सुईणीचा तांबडा दोरा

पोफळकोंडाला अजून गाडीरस्ता आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कोंडात बावीस घरं होती आणि बावीस घरांत मिळून नऊ बंदुका. रानडुकरं भात लोळवायची, वानरं शहाळी पाडायची, म्हणून परवान्यावर घेतलेल्या त्या ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. डुक्कर शेतात शिरल्यावर ठासत बसायला सवड कुणाला? म्हणून बंदूक भरूनच माजघरातल्या खुंटीला टांगायची, अशी तेव्हाची रीत होती.

त्या कोंडात आवडू नावाची सुईण होती. असं म्हणतात, की तिच्या हातावर आलेलं एकही मूल जन्मताना गेलं नाही. नाळ कापली की ती मुलाच्या कानात काहीतरी पुटपुटायची. पुढे ते मूल कितीही मोठं झालं तरी नुसत्या खोकल्यावरून ती त्याचं नाव सांगायची.

धाकू गुरवाची मथी तिच्याच हातावर जन्मलेली. मथी सहा वर्षांची झाली. एका सकाळी आई विहिरीवर गेली होती. मथी पाटावर चढून खुंटीवरचा आपला परकर ओढायला गेली आणि परकराबरोबर बंदूकही खाली आली. बार कोंडभर ऐकू गेला. लोकांना वाटलं, डुक्कर पडलं.

आवडू आधी पोचली. तिने मथीला मांडीवर घेतलं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकू दारात उभा राहून एकच म्हणत होता, "मला वाटलं रिकामी आहे गो. रिकामी आहे वाटलं."

त्या दिवसापासून आवडूला एका जागी बसवेना. जेवायला बसली की अर्ध्या घासावर उठायची. दिवसभर या घरून त्या घरी चालत असायची आणि दारात उभी राहून विचारायची, "बंदूक कशी आहे?"

"रिकामी आहे."

"दाखवा."

कुणी दाखवायचे, कुणी हसायचे, कुणी तिला येताना पाहून दार ओढून घ्यायचे. असं म्हणतात, की भरलेली बंदूक असलेल्या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की तिच्या तळव्यांना चटका बसायचा, तापल्या तव्यावर पडल्यासारखा. शेवटी तिने सांगून टाकलं, "ज्या घरात खुंटीला बंदूक आहे, तिथे मी बाळंतपणाला येणार नाही."

पुरुषांनी ते हसण्यावारी नेलं.

मग दाजी खोतांची सून द्वारका अडली. पहाटेपासून कळा येत होत्या आणि ऊन डोक्यावर आलं तरी सुटका होईना. निरोप मिळताच आवडू धावत आली आणि खोतांच्या उंबऱ्याशी थबकली.

"आत ये ना बाय," दाजी म्हणाले. "पोर कासावीस झालीय."

"आधी खुंटीवरची उतरवा, दाजी. अंगणात न्या, रिकामी करा, कुलपात घाला."

"रिकामीच आहे ती. परवा मीच बार काढलाय."

"परवा काढला. आज कुणी बघितली?"

दाजींच्या कपाळावर आठी चढली. खोताच्या शब्दावर असं कुणी विचारत नसे. आवडू अंगणात मागेपुढे करू लागली. एक पाऊल दाराकडे टाकायची आणि मागे घ्यायची. या पोरीच्या जिवावर आपण हट्ट धरलाय, हे तिला कळत होतं. आणि आज हट्ट सोडला, तर उद्या हिचं मूल त्याच खुंटीखाली रांगणार, हेही तिला कळत होतं.

तेवढ्यात आतून द्वारकेची हाक आली, "आवडूमावशी, मी मरते गो!"

आवडूचा हट्ट तिथेच गळाला. तिने उंबरा ओलांडला आणि तळव्यांना चटका बसला.

"भरलेली आहे," ती म्हणाली.

"माझ्या घरात येऊन मला खोटं पाडतेस?" दाजींनी रागाने बंदूक खुंटीवरून खेचली. घोड्याखाली टोपी आहे की नाही, तेही पाहिलं नाही. घोडा मागे ओढला. नळीचं तोंड कुडाच्या भिंतीकडे होतं आणि कुडापलीकडे द्वारका होती. "ही बघ तुझी भरलेली!" म्हणत त्यांनी चापाला बोट लावलं.

आवडूने झडप घालून नळी दोन्ही हातांनी वर ढकलली. बार उडाला. कौलं फुटून खाली आली, आणि माजघरात कधी न आलेलं ऊन एकदम आत आलं.

दाजी खोटं बोलले नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाने, अंतूने, त्याच पहाटे वानरांसाठी बंदूक भरली होती, वानरं पळाली म्हणून तशीच परत टांगली होती आणि कुणाला न सांगता तो शेतावर गेला होता.

आवडूचा डावा तळहात भाजून सोलला होता. तिने त्याला पदर गुंडाळला, "पाणी तापवा," म्हणाली आणि आत गेली. असं म्हणतात, की एका हाताने तिने ते बाळंतपण केलं, आणि मुलीचा पहिला टाहो त्या बारापेक्षा मोठा होता.

दाजी संध्याकाळपर्यंत अंगणात खाली मान घालून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाची पेटी करवून घेतली. बंदूक पेटीत गेली, दारू आणि टोप्या दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या त्यांनी बायकोच्या कनवटीला दिल्या. आवडूने ठासायचा गज मागवला. रिकाम्या नळीत तो तळाला टेकेपर्यंत घातला आणि नळीच्या तोंडाशी आला तिथे गजाला तांबडा दोरा बांधला.

"दोरा तोंडाशी आला तरच रिकामी समजायची," ती म्हणाली. "वर राहिला तर आत काहीतरी आहे. आणि बघताना नळी बांधाकडे. माणसाच्या शब्दावर जाऊ नका. माझ्यासुद्धा."

वर्षभरात नऊ बंदुकांना नऊ पेट्या झाल्या. तरी आवडू कुठे फार वेळ टेकली नाही. एका ज्येष्ठात ती वरच्या धनगरवाड्यावर बाळंतपणाला गेली. मूल सुखरूप झालं, आवडू घाट उतरायला लागली, ती खाली कधी पोचलीच नाही. लोकांनी सगळी दरी पालथी घातली. असं म्हणतात, की ती अजून चालतेच आहे, आणि कुणी बंदूक भरून ठेवली तर त्याच्या अंगणात पावलं वाजतात.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. पण नवं बाळ पोफळकोंडात आलं की आधी अंगणात थांबतं. घरचा माणूस बंदूक पेटीतून काढतो, नळी बांधाकडे धरतो, गज घालतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला दोरा दाखवतो. कुलूप लागल्यावरच बाळ उंबरा ओलांडतं. ज्यांच्याकडे बंदूकच नाही, ते दारं सताड उघडून आपल्या खुंट्या दाखवतात. नुसतं सांगितलेलं इथे चालत नाही. आणि हे सगळं होईपर्यंत, बाळाला घेतलेली बाई, कुणी कितीही पाट पुढे केला तरी, खाली बसत नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते. त्याला आवडूच्या फेऱ्या म्हणतात.