कडीवालीच्या परसातले कवठ

पूर्वी गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका माळ्याच्या घरी जन्माला आला. मोठा झाल्यावर त्याने स्वतःची बाग केली नाही. नगरात घरोघरी परसात झाडे होती आणि त्यांवरची निम्मी फळे कुणी न काढता कुजून जात. बोधिसत्त्वाने चार शेजारी गोळा केले, बांबूच्या टोकाला जाळी बांधून झेले तयार केले आणि ही माणसे दारोदार जाऊन फळे उतरवून देऊ लागली. थोडी घराला, थोडी पाखरांसाठी झाडावरच, आणि उरलेली ज्यांना परस नाही त्यांना. त्यांचे नियम दोनच. घराने ‘काढा’ म्हटल्याशिवाय फांदीला झेला लावायचा नाही. आणि फळ हातावर ठेवताना ते कुणाच्या घरचे, हे नाव घेऊन सांगायचे.

त्या साली नगरात तापाची साथ आली. वेशीबाहेर आजाऱ्यांसाठी घातलेल्या छपरांत माणसे तापातून उठत, पण तोंडाची चव गेलेली असे. घास तोंडात फिरे, गिळवत नसे, आणि वाचलेला माणूस झिजून मरे. वैद्य म्हणाले, “यांना कवठ चाटवा. दुसऱ्या कशाने तोंड उघडायचं नाही.” नगरात कवठाचे झाड एकच उरले होते, आणि ते कडीवालीच्या परसात होते.

आता ह्या बाईविषयी सांगायला हवे. जिवंत होती तेव्हा उष्ट्या हाताने कावळा न हाकणारी म्हणून तिची ख्याती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कवठे पिकून धपाधप पडत. ती वेचून कोठीत रचून ठेवी आणि तिथेच ती सडत. एकदा शेजारीण पदर पसरून आली. तिची सून ओली बाळंतीण, तापाने अंथरुणाला खिळलेली. एकच कवठ हवे होते. कडी न काढता बाई दाराच्या फटीतून म्हणाली, “अजून पिकली नाहीत.” त्याच क्षणी तिच्या मागे एक कवठ धपकन पडले. दोघींनीही ते ऐकले. शेजारीण परत गेली आणि चार दिवसांनी तिची सून गेली.

पुढे दोन पावसाळ्यांनंतर एका भर दुपारी ही बाई झाडाखाली कोसळली. वास आला तेव्हा लोकांनी नाकाला पदर लावला आणि वाट बदलली. कडी आतून लागलेली, ती कुणी तोडली नाही. हाडे तिथेच राहिली, आणि ती प्रेतयोनीत, भूत होऊन, हाडांच्या सोबतीला राहिली.

त्याला तीस वर्षे झाली होती. तिला भूक लागे. पोटात पीळ पडावा तशी, दिवसरात्र. ती कवठ उचली, दगडावर आपटी, आणि आत राख निघे. हत्तीने गिळलेले कवठ वरून अखंड आणि आतून पोकळ निघते, असे जुनी माणसे सांगतात. तिचे सगळे झाड तसे झाले होते. कधी चोर भिंत चढून येत. त्यांच्याही हाती राखच लागे आणि हाडे बघून ते धूम ठोकत. ‘थांबा’ म्हणावे असे तिला वाटे. पण जिभेवर एकच वाक्य उरले होते, आणि ते ऐकून तर कुणीच थांबत नसे.

एके दिवशी माध्यान्ही दार वाजले. तीस वर्षांत दार कुणी वाजवले नव्हते.

“आई,” बाहेरून आवाज आला, “कवठं उतरवू का?”

ती धावत दाराशी आली. ‘काढा, सगळी काढा’ असे तिच्या मनात होते. तोंडातून निघाले, “अजून पिकली नाहीत.” मागे धपकन कवठ पडले.

“बरं. उद्या येतो,” बोधिसत्त्व म्हणाला.

“दादा, आत कुणी जिवंत नाही,” दुसरा आवाज घाबरून म्हणाला. तो बोधिसत्त्वाबरोबर आलेला चुलक कुंभार होता. “हिने कवठ दिलं नाही म्हणून माझी आई गेली. मी अंगावर पीत होतो तेव्हा. आज माझी बायको छपरात पडली आहे. मी भिंत चढतो.”

“चढलास तर राख घेऊन उतरशील. आधी चढले त्यांचं काय झालं ते तूच सांगितलंस.”

दाराआड ती ऐकत होती. शेजारणीचा तो नातू. तिला तोंड लपवावेसे वाटले, पण लपवायला तोंड तरी कुठे होते.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तो आला, त्याने विचारले, तिने तेच वाक्य म्हटले, आणि तो तिचा शब्द मानून परत गेला. खोटे बोलणाऱ्यालाही कुणी इतका मान द्यावा, याने ती रात्रभर हाडांपाशी रडली. डोळ्यांतूनही राखच गळली.

तिसऱ्या दिवशी चुलकाचा आवाज फाटला होता. “दादा, बायको आता पाणीही गिळत नाही.”

बोधिसत्त्व दाराच्या अगदी जवळ गेला. मग त्याने दाराला हात लावला आणि कवठांचे नावही न काढता विचारले, “आई, तुम्ही जेवलात का?”

तिने सवयीने तोंड उघडले. पण ह्या प्रश्नाला ते वाक्य बसेना. जीभ अडखळली, वळली, आणि तीस वर्षांनी तिच्या तोंडून दुसरा शब्द आला.

“नाही.”



“आम्ही फळ देताना देणाऱ्याचं नाव घेतो,” बोधिसत्त्व म्हणाला. “तुमचं नाव सांगा.”

नाव तिला आठवेना. लोक कडीवाली म्हणत, ते काही नाव नव्हे. ती आठवणीत मागे मागे गेली, तेव्हा दाराच्या फटीत पसरलेला तो पदर दिसला आणि शेजारणीचे शब्द ऐकू आले: “सामिले, एकच कवठ दे गं.” तिला नावाने शेवटची हाक त्या शेजारणीनेच मारली होती.

“सामिला,” ती म्हणाली. आणि मग, “काढा.”

आतली कडी पडली. दार आपणच उघडले. परसात ऊन होते, हाडे होती, आणि माणूस एकही नव्हता. बोधिसत्त्वाने हात जोडले. दोघांनी शेंड्याची चार कवठे पाखरांसाठी ठेवून बाकी उतरवली.

“एक फोडून बघू,” चुलक म्हणाला. “राख असेल तर कुठल्या तोंडाने देऊ?”

“इथे नको. ज्याला द्यायचं त्याच्यापुढे फोड. आणि नाव तू घ्यायचंस.”

“मी? हिचं?”

“तूच.”

सामिला उंबऱ्यापलीकडे जाऊ शकत नव्हती. ती रिकाम्या झाडाखाली बसून राहिली. राखच निघेल, असे तिचे मन सांगत होते. ह्यांची पावले परत येतील, आणि यावेळी शिव्या खाव्या लागतील, त्याही योग्यच.

ऊन कलले. आणि तिच्या नसलेल्या जिभेवर आधी आंबट, मग तुरट, मग गुळाचे गोड असे काहीतरी आले. दूर, वेशीबाहेर, कुणीतरी घास गिळला होता. आणि रडक्या, जड आवाजात कुणीतरी म्हणाले होते, “सामिलेच्या घरचं आहे.” मग दुसरा घास आला. तिसरा आला. नाव दर वेळी थोडे सोपे होत गेले.

संध्याकाळी चुलक एकटा परत आला, तेव्हा परसात नुसते झाड आणि हाडे होती; सामिला सुटून गेली होती. त्याने हाडे गोळा केली आणि मुलाने करावे तसे सगळे केले.

ही गोष्ट शास्त्याने, म्हणजे भिक्खूंच्या गुरूने, सांगितली ती एका म्हाताऱ्या भिक्खुणीवरून. भिक्षा घेताना ती प्रत्येकाचे नाव विचारी, आणि आजाऱ्यांना घास देताना ते नाव सांगे. त्यावरून भिक्खू तिची थट्टा करीत. शास्ता म्हणाला, “तेव्हाची सामिला ती हीच. चुलक तो आता विहारात आजाऱ्यांची सेवा करणारा उपासक, आणि झेला धरणारा मी होतो. स्वतः देणे हे दान खरेच. पण बंद दारापुढे धीराने उभे राहून दुसऱ्याला दाता करणे, ही दानाची पारमिता, म्हणजे पूर्णता.”

भिक्खुणीला कुणीतरी विचारले, यातले काही आठवते का. ती म्हणाली, “नाही बाबा. पण कुणी दारात आलं की आधी जेवलास का, म्हणून विचारावंसं वाटतं.”