कासवाची आईबापांची शाळा

फार मागची गोष्ट. टिटवा आणि टिटवी भांडून वेगळी झाली. तो तळ्याच्या अलीकडे, ती पलीकडे, आणि पिलू आज इकडे, उद्या तिकडे. घार दिसली की टिटवा ओरडे, "दडून बस!" टिटवी मुद्दाम उलटं सांगे, "पळ!" एकदा दोघं एकदम ओरडली. पिलू गोंधळून जागच्या जागी थरथरत राहिलं आणि घारीचं नख त्याच्या पाठीला चाटून गेलं.

मग दोघं कासवाच्या शाळेत गेली. तिथे पोरांना नाही, आईबापांना शिकवत.

कासव खेकसलं, "समजा, मी तुमचं पिलू. घार आली, द्या हाक!"

"बस!"

"पळ!"

बसू की पळू करता करता कासव उताणं पडलं. "आता करा मला सुलटं!"

दोघांनी समोरासमोरून जोर लावला. कासव हलेना.

"शहाण्यांनो, त्या लेकराचं रोज असंच होतं!"

टिटवी टिटव्याच्या बाजूला येऊन म्हणाली, "सरका जरा." कासव सुलटं झालं.

संध्याकाळी टिटवा पिलाला न्यायला आला, तेव्हा टिटवी पिलाला सांगत होती, "घार दिसली की दडून बसायचं, बाबा सांगतात तसं."

टिटवा घसा खाकरून म्हणाला, "आणि आईनं हाक दिली, तरी लगेच ऐकायचं."