चार बोटं जागा

“...आणि एवढ्या अपघातात इंजिनाला काहीच झालं नाही?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

“ओरखडासुद्धा नाही, वस्ताद.”

हे सांगताना शार्दूलच्या आवाजात थोडी शान होती. ती त्याची त्यालाच ऐकू आली असावी, कारण पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

दारात टेम्पो उभा होता. टेम्पोत ते इंजिन होतं, नव्या कोऱ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं.

वस्तादांची शेड कोल्हापूरच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला आहे. रेसच्या गाड्या हातानं बांधणारी कितीतरी माणसं तिथं घडली. आता तिथं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त होतात. शार्दूल नलवडेही तिथलाच. तो शिकला, त्याचं नाव झालं, आणि मग त्याचं येणं बंद झालं. नाव झालेल्या शिष्यांना गुरूकडं जायला वेळ मिळत नाही. तो मिळतो तोंडघशी पडल्यावर.

“विशू कसा हाय?”

विशू म्हणजे विश्वजित, शार्दूलचा धाकटा भाऊ. शार्दूल गाड्या बांधायचा आणि विशू त्या पळवायचा.

“घरी आणलंय.”

“कसा हाय, विचारलं मी.”

“दोन्ही पाय गेले. गुडघ्यापासनं.”

वस्तादांना ते माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी ते त्यांनी शार्दूलच्या तोंडून ऐकून घेतलं.

“बोलतो?”

“आईशी बोलतो.”

“तुझ्याशी?”

शार्दूलनं मान हलवली. नाही.

वस्तादांनी लोखंडी स्टूल पुढं सरकवलं. शार्दूल बसला नाही.

“वस्ताद, तुम्ही गाडी बांधा. नवी. माझा हात नको तिला, तुमचा लागू दे. ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, सगळं हातावर घेऊ, पायाचं काही कामच ठेवायचं नाही. इंजिन मात्र हेच. या इंजिनासाठी विशू जीव टाकायचा. तो परत गाडीत बसला ना...”

“तर?”

“तर बोलेल माझ्याशी.”

“त्यानं मागितली गाडी?”

“नाही.”

“मग कशाला?”

“मला दुसरं काही येत नाही, वस्ताद.”

हे मात्र खरं होतं. दुसरा कुणी भावाच्या उशाशी बसला असता, काही न बोलता. शार्दूलला नुसतं बसता यायचं नाही. काही बिघडलं की पाना शोधायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याचा मला रागही येतो आणि कीवही येते.

वस्ताद उठून टेम्पोपाशी गेले. त्यांनी ब्लँकेट बाजूला केलं. परदेशी इंजिन होतं, विशूच्या गाडीत आधी होतं त्याच्या तिप्पट ताकदीचं. वस्तादांनी त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“चांगलं हाय,” ते म्हणाले.

शार्दूलला जरा बरं वाटलं.

“जुन्यापेक्षा लांब हाय पण.”

“हो.”

“माणसाच्या पाठीमागं बसवलंस?”

“हो, जुनं होतं तिथंच.”

“मग जागा कुठनं काढलीस?”

शार्दूल ब्लँकेटचं टोक नीट करू लागला.

“गाडीची चेसी लांब केलीस?”

“नाही. वाढवली असती तर गाडी वळणावर जड गेली असती.”

“मग?”

“सीट पुढं घेतली.”

“किती?”

“फार नाही, वस्ताद. चार बोटं.”

“आणि पाय?”

“पेडल पुढं सरकवले.”

“पाय जपणाऱ्या पुढच्या आडव्या पाइपच्या पलीकडं?”

शार्दूलनं मान हलवली. हो. रेसच्या दिवशी गाडी वळण सोडून टायरच्या भिंतीवर गेली, आणि त्या पाइपच्या पुढं जे काही होतं ते सगळं चेपलं. पाइप जागचा हलला नाही. मागं इंजिन तर सुरूच होतं. लोक धावत पोचले तेव्हा ते अजून चालू होतं.

वस्तादांच्या शेडची एक रीत होती. गाडी बांधायला घेतली की पहिल्या दिवशी लोखंडाला हात लावायचा नाही. जो चालवणार त्याला जमिनीवर बसवायचं, पाय पसरून, हात स्टिअरिंग धरल्यासारखे. मग खडूनं त्याच्या कडेकडेनं रेघ मारायची. सगळे पाइप त्या रेघेच्या बाहेरून जाणार. इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी. नवीन पोरं याला हसायची आणि वस्ताद त्यांना हसू द्यायचे.

“आखलं नव्हतंस?” वस्तादांनी विचारलं.

“आखलं होतं की. तुमची शपथ. पहिलं इंजिन बसवलं तेव्हा आखलं होतं.”

“आणि हे आलं तेव्हा?”

“इंजिन बदललं होतं, वस्ताद. माणूस तोच होता. परत काय आखायचं, म्हटलं.”

या धंद्यातल्या कुणालाही हे पटलं असतं. इंजिन बदललं की त्याचे माउंट बदलतात, गिअरबॉक्स बदलतो, रेडिएटर बदलतो, पाइप बदलतात. माणूस बदलत नाही, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही.

“विशू काहीच म्हणला नाही?”

“म्हणाला.”

“काय?”

“गुडघे अवघडतायत, म्हणाला.”

“मग तू?”

शार्दूलनं टेम्पोचा मागचा फाळका धरला. वस्ताद त्याच्या मदतीला धावले नाहीत.

“एवढी एक रेस काढ, म्हटलं. मग बघू. त्यानं परत नाही काढला विषय. दादा म्हणतोय म्हटल्यावर...”

आणि तो रडला. एवढा उंचापुरा माणूस, टेम्पोचा फाळका धरून हमसून हमसून रडला. झोप लागत नाही म्हणाला. डोळे मिटले की ते चालू राहिलेलं इंजिन ऐकू येतं, म्हणाला. आई जेवायला वाढते पण तोंडाकडं बघत नाही, म्हणाला. पायांच्या बदल्यात पाय देता येत असते तर आत्ता दिले असते, म्हणाला. ते खरंच होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

वस्तादांनी त्याला पाणी दिलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांचेही डोळे भरले होते. पण ते विशूसाठी होते की शार्दूलसाठी, हे मला सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळानं शार्दूलनं तोंड पुसलं.

“बांधाल ना, वस्ताद?”

“माप लागंल.”

“तो नाही यायचा इथं. खोलीतनंच बाहेर येत नाही.”

“तू बस मग. सख्खे भाऊ तुम्ही. अंगानं सारखेच हायसा.”

शार्दूलच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. वस्ताद कबूल झाले, असंच त्याला वाटलं. तो लगबगीनं शेडच्या मधोमध गेला, जागा पायानं साफ केली आणि शिकाऊ असताना बसायचा तसा जमिनीवर बसला. पाय पसरले. हात पुढं धरले.

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले. या वयात त्यांना ते सोपं नव्हतं.

खडू कमरेमागं जमिनीवर टेकला. डावीकडून कमरेला वळसा घालून मांडीच्या कडेनं पुढं सरकला. वस्ताद सावकाश आखत होते. रेघ सरळ होती.

गुडघ्याशी आल्यावर खडू वळला.

तो गुडघ्याच्या खालून आडवा पलीकडं गेला, दुसऱ्या गुडघ्याशी पोचला, आणि उजव्या मांडीच्या कडेनं परत मागं निघाला. कमरेमागं येऊन पहिल्या टोकाला मिळाला.

वस्ताद उठून उभे राहिले.

शार्दूल अजून हात तसेच धरून बसला होता.

“वस्ताद... रेघ अर्धीच राहिली.”

“अर्धी नाही. पुरी हाय.”

शार्दूलनं खाली बघितलं. त्याच्या पोटऱ्या, घोटे, बूट, सगळं रेघेच्या बाहेर पडलं होतं. त्यानं पाय आत ओढून घ्यायला बघितलं, आणि मध्येच थांबला. हात खाली आले.

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. त्याला दुसरं भाडं होतं.

शार्दूल उठला नाही.

वस्तादांनी खडूचे हात धोतराला पुसले.

“आण तुझं इंजिन आत,” ते म्हणाले. “आता जागाच जागा हाय.”