थापटणं आणि गोळा

फार वर्षांमागे, हत्यारं माणसांशी बोलत तेव्हाची गोष्ट. गेनू कुंभार ओल्या मडक्याच्या आत दगडी गोळा धरी आणि बाहेरून लाकडी थापटणं मारी. मधे माती असल्यानं दोघं एकमेकांना दिसत नसत, तरी थाप नेमकी गोळ्यावर पडे.

एकदा बाजारातून आकड्यांची पट्टी आली. तिनं थापटण्याला विचारलं, "एका मडक्याला थापा किती?"

"मोजल्या नाहीत."

"माती कुठं जाड आहे, ते कसं कळतं?"

"सांगता येत नाही, बाई."

पट्टी गेनूला म्हणाली, "ज्याला रीत सांगता येत नाही, त्याला काम येत नाही. घाल भट्टीत." गेनूला ते पटलं. त्यानं थापटणं सरपणावर टाकलं.

गोळा कळवळला. "दादा, तू गेलास तर मी आत कुणाची वाट बघू?"

थापटणं सरपणावरून म्हणालं, "गेनू, मी जळायला राजी नाही. आधी एक मडकं पट्टीनं थापून बघ."

पट्टीनं मडकं बाहेरून मोजलं. आत शिरायला गेली, तर तोंडातच अडकली. मग तिनं सांगितलं तिथं गेनूनं पट्टीनंच थाप मारली, आणि माती फाटली.

गेनूनं सरपणावरून थापटणं उचललं. "आता तरी सांग, तुला कसं कळतं?"

"नाही सांगता येत. थापता थापता कधी अंगात भिनलं, ते मलाच ठाऊक नाही. पण तेवढ्यासाठी मी मान खाली घालणार नाही. धर गोळा आत, दुसरं मडकं वाळायला लागलंय."